त्या दिवशीचा मासा

बंब बाहेर उभा करून
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आम्ही खुर्च्या मांडल्या.
पडदा म्हणजे शिवून जोडलेल्या दोन चादरी;
शिवण नेमकी नटाच्या नाकावरून जात होती.
तरी ओरासियु न्हाव्याला राहवलं नाही:
"रोंफचं नाक याच्या दीडपट होतं.
तीस वर्षं त्याखालून वस्तरा फिरवलाय मी."

पोर्तुगालच्या वरच्या अंगाचा हा किनारा.
इथे एकच माणूस मोठा झाला, अबिलियु रोंफ,
आणि तोही आमच्यावर लिहून.
"तागडीला अंगठा लावून तोलणारं गाव"
असं दुसऱ्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर.
गाव म्हणाला तो, पण अंगठा कुणाचा
ते बारक्या पोरांनाही ठाऊक होतं.
बेल्मिरु मासळीवाला तिसऱ्या रांगेत होता.
बापाचाच अंगठा आलाय त्याच्या हाताला,
रुंद, नखाशी चपटा.
मुठीत झाकून बसला होता.

पिक्चर सुरू झाला तसे सगळेच जाणकार झाले.
मास्तरीणबाई: "त्या साली या गल्लीत वीज कुठली?"
झुल्मिराला त्याचा शर्ट खटकला:
"एवढी इस्त्री? बहीण कॉलर उलटून शिवायची त्याची."
देओलिंदानं एकतीस वर्षं कारखान्यात डबे भरले,
ती म्हणाली, बायकांचे हात बघा, एकीलाही चीर नाही,
आणि तेल उकळत असताना कोण हसतं गं इतकं?
त्याच्या प्रेमप्रकरणावर मागची पोरं शिट्ट्या मारत होती.
तोमेची शेळी चार सेकंद दिसली.
सगळ्यांत मोठ्या टाळ्या तिला.

मग अंत्ययात्रा आली.
हिच्यासाठी तर निम्मं गाव जमलं होतं.
मार्चमध्ये ट्रकभर काळ्या शाली घेऊन ती माणसं आली,
माणशी पंचवीस युरो, वर कोबीचं सूप,
आणि कर्ण्यातून दिग्दर्शकबाई:
"तुमचं कुणी गेलं असेल, त्याला आठवा."
आम्ही आठवलं.
झुल्मिराला लक्झेंबर्गला गेलेला लेक आठवला.
जिवंत आहे तो. फोन करत नाही.
तीनदा रडलो आम्ही,
त्यातलं एकदा ढग आडवा आला म्हणून.

"ती माझी पाठ!" "अगं, आई बघ!"
"माझी टोपी, माझी टोपी!"
चादरींवर सबंध गाव काळं होऊन चालत होतं,
चर्चच्या पायऱ्यांपासून धक्क्यापर्यंत मुंगीला वाट नाही.

ओरासियु हळूच बोलला, पण हॉल लहान:
"पेटी रिकामी आहे. खांदे बघा त्यांचे.
खरी जड होती. सहा जण लागतात.
आम्ही चौघं होतो."

पाठी शोधणारी बोटं खाली आली.

चौघं, पाद्री आणि बहीण.
बाकीचे कुठे होतो ते कुणी कुणाला सांगायला नको.
होड्या काठोकाठ भरून आल्या होत्या,
कारखान्याचा भोंगा दोनदा झाला,
आणि भोंगा झाला की जावंच लागतं,
हे आम्ही तेव्हाही एकमेकांना सांगितलं होतं.
मी सतरा वर्षांचा. बर्फ फोडत होतो.
पेटी गोदामासमोरून गेली.
मी बर्फ फोडत राहिलो.

दिवे लागले.
कुणीतरी नाकाचा वाद पुन्हा पेटवून पाहिला,
धरला नाही.
बेल्मिरु उठून माझ्यापाशी आला. "परत लाव. तेवढंच."
लावलं.
या खेपेला कुणी बोट दाखवलं नाही.
पुढे एकजण उभा राहिला,
मागच्यांना दिसेना, म्हणून तेही उभे राहिले,
आणि असं करत, ठरवल्यावाचून, सगळा हॉल.

बंब आत घ्यायचा होता, दहिवर पडायला लागलं होतं.
शाल आवळत झुल्मिरा दारात थांबली.
"त्या दिवशीचा मासा मात्र," ती म्हणाली,
"चांगला होता."