परत आलेला दगड

धरणगावच्या प्रेसमध्ये माझं काम एवढंच:
पत्र्याचा छापा गाठीवर दाबायचा,
वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा.
अक्षरं मला येत नाहीत.
मुनीम सांगतो, हे कोबे, ते शांघाय.
कोबेच्या छाप्यात मधोमध एक गोल, कळण्याच्या भाकरीसारखा.
शांघाय लांबलचक, रंग खातं.

त्या हंगामात भाव चढला
तसं कापसाला पाणी लागलं, सरकी लागली, रेती लागली,
आणि एका रात्री, मालक स्वतः कंदील धरून उभा असताना,
गिरणेच्या पात्रातला एक दगडही लागला.
मीच आणला होता तो. डोक्यावर.
अडीच शेर.
मुकादमानं दोन आणे दिले, त्याचा मी गूळ घेतला.

हसनअली बोहऱ्याचा फिदाहुसेन तेव्हा कोबेला.
त्याची पत्रं दुकानात मोठ्यानं वाचली जायची,
मी ओट्याखाली उभा राहून ऐकायचो.
तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो.
धक्क्यालगत परक्यांची वसाहत,
रस्ते सुतानं आखलेले, आणि जितके झेंडे तितकी कोर्टं.
डच व्यापाऱ्यानं हमालाला मारलं
तर न्याय डच वकिलातीत,
हमाल बाहेर, जोडे हातात घेऊन.
‘अब्बा, इथला फौजदार मला हात लावू शकत नाही.
मी राणीची रयत आहे.’

हसनअली इथे थांबला. चष्मा पुसला.
मागच्याच महिन्यात जळगावच्या फलाटावर
एका गोऱ्या पोरानं
त्याची पगडी छडीनं उडवली होती.
दुकानात कोणी बोललं नाही.
रिकामी तागडी उगाच हलत होती.

नवव्या महिन्यात दगड आला.
लाकडी खोक्यात, भाताच्या काडावर निजवलेला,
सोबत वकिलातीचा शिक्का मारलेला दावा,
आणि पाठीवर शाईची अक्षरं,
भिंतीवरून मुंग्या उतराव्यात तशी उभी.
मालक म्हणाला, शिवी असेल.
मुनीम म्हणाला, वजन.
फिदाहुसेननं एवढंच लिहिलं होतं:
‘गाठ फोडणाऱ्या म्हातारीच्या नखाला लागला.
ती हसली. मग शेडमधल्या सगळ्या हसल्या.
मला विचारलं, तुमच्या गावी कापसाला हाडं असतात का?’

दाव्याचे पैसे आमच्या मजुरीतून कापले.
माझे दोन आणे गेले, वर सहा.
फेकून दे तो, मालक म्हणाला.
गिरणा दूर. मी तो जिनाच्या दाराला अडण म्हणून लावला.

सरकी झटकत ठगूबाई येते, त्याच्यावर टाच घासते,
म्हणते, ‘कसा व्हता रे दर्या?
आमनापेक्षा तू जास्त फिरना, भो.’
बाकीच्या बाया पदरात खोकतात, हसतात.
नाकातोंडातून रुई निघते त्यांच्या.

चैत्रात अक्षरं पुसली.
आधी खालची, मग वरची.
आता तो कुठल्याही दगडासारखा दिसतो.
फक्त मुकादमाची शेळी
सगळं अंगण सोडून त्यालाच चाटत बसते.

काल दुपारी, पट्टा बंद असताना,
इकडे तिकडे बघून मीही जीभ लावली.

मग छापा उचलला.
आज कोबेच्या चाळीस गाठी.