अडुसष्ट

समुद्रावरून धुकं वर चढतं
त्याला डंडीत ‘हार’ म्हणतात.
घालायचा की मानायची, ते कोणी सांगत नाही.
मी सातच्या आधी पोचते, ओला कोट अडकवते,
आणि उणे ऐंशीच्या कपाटातून
माणसं बाहेर काढते.

माणसं म्हणजे अर्धा-अर्धा मिलिलिटर.
नाव नाही, गाव नाही,
बर्फाचा पापुद्रा नखाने खरवडला की खाली
डी-शून्य-चार-सतरा.
थिजलेलं तूप बरणीच्या कडेने आधी सुटतं,
तसं सीरम सुटू लागतं. पिवळट, गप्प.

फर्गस अजून जुनी पद्धत चालवतो, तुलनेपुरती.
पिक्रिक आम्लाची बाटली
ओलीच ठेवावी लागते. वाळली तर भडका.
(काही घरांत काही माणसं अशी असतात,
पण तो वेगळा विषय.)
त्यात सीरम पडलं की नारिंगी चढते;
जितकी गडद नारिंगी, तितकी किडनी दमलेली,
असं आम्ही शिकलो, तशीच परीक्षाही दिली.

चार-सतराला रंग फारसा चढलाच नाही.
अडुसष्ट.
“वा!” फर्गस म्हणाला, “माझं नव्वद येतं.”
तो शनिवारी नदीत होडी मारतो,
त्याचे दंड बाहीत मावत नाहीत.

मग मी सिस्टॅटिन लावलं.
हे प्रथिन साऱ्या पेशी बनवतात,
माणूस धट्टाकट्टा आहे की काटकुळा
याची ते चौकशी करत नाही.
दोन पूर्णांक तीन.
पुन्हा लावलं. नवं कंट्रोल, नवी पिपेट, नवे हातमोजे.
दोन पूर्णांक तीन.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

क्रिएटिनिन ही स्नायूंची राख.
राख थोडी, म्हणजे चूल ठीक आहे,
असं आपण धरून चाललो;
सरपणच उरलं नव्हतं
ते बघायला चुलीपर्यंत गेलं कोण?

चार-सतरा कोण, मला माहीत नाही.
नावांची वही वरच्या मजल्यावर, कुलपात,
आणि ते योग्यच आहे.
पण मार्चमध्ये नळ्या गोळा करायला
मी एका चर्चच्या सभागृहात गेले होते.
तिथे एक बाई होती, एल्सपेथ,
ज्यूट मिलमध्ये सत्तावीस वर्षं.
मागांच्या खडखडाटात कान गेले
म्हणून बोटांनी बोलायला शिकलेली,
आता घरात मांजराशीही तसंच बोलते म्हणाली.
तिच्या दंडाला पट्टा तीन वेढे गेला.
नर्सने शीर शोधेपर्यंत तिने मला विचारलं,
तुमच्याकडे ज्यूटला काय म्हणतात?
ताग, मी म्हटलं.
ताग, तिने ओठांवरून उचललं
आणि हवेत दोन बोटं घासून दाखवलं,
दोरा पिळल्यासारखं.

ती असेल असं नाही.
त्या दिवशी एकोणसाठ जण होते,
आणि बारीक माणसं काय कमी आहेत जगात?
ज्यांच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं
आणि जे तो कागद चौघडी करून
देवाऱ्यात, बायबलमध्ये, बिस्किटांच्या डब्यात ठेवतात.

‘अनपेक्षित निष्कर्ष’ नावाचा फॉर्म आहे.
दोन पानी. नावाची जागा आम्ही कोरी सोडायची,
वरची माणसं कुलूप उघडून भरतात,
मग पत्र डॉक्टरकडे, डॉक्टरकडून घरी.
अकरा दिवस लागतात. मागे एकदा सोळा लागले.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
दोन मोजमापांचं पटत नाही.
खोडलं.
लिहिलं: पहिलं मोजमाप अंगावरच्या मांसाचं होतं.
फर्गसने वाचलं, आपल्या दंडाकडे पाहिलं,
काही न बोलता खाली सही केली.

खिडकीबाहेर पुलाचे तीन खांब दिसायला लागले होते,
चौथा अजून नव्हता.
नळ्या परत कपाटात ठेवताना पाहिलं,
चार-सतराच्या क्युव्हेटमध्ये
नारिंगी अजून चढतच होती, सावकाश.
यंत्राचं वाचून झालं होतं.