आग सांभाळणारा

डेल्मर परत आला, त्याला सहा हिवाळे झाले.
अजून तो पिकअपमध्येच झोपतो,
काच अर्धी खाली, गाडीचं तोंड रस्त्याकडे.
पहाटे कॉफी नेताना मी लांबूनच हाक देते,
"मी आहे रे, मी."
एकदाच विसरले होते.

ऑर्व्हल मामा त्याला काही विचारत नाही.
मामाही जाऊन आलाय त्याच्या वेळच्या लढाईत.
तिथलं सांगत नाही,
फक्त भात खात नाही.

ओढ्याकाठी मामाची इनिपी:
विलोच्या सोळा काठ्या वाकवून बांधलेल्या,
वर जुनी ब्लँकेटं, ताडपत्री,
दार इतकं बुटकं की कुणालाही रांगतच आत जावं लागतं.
डेल्मर गेला होता. दार पडलं. काळोख.
तापल्या दगडांवर पाणी चर्रर्र झालं
आणि तो भिंत फाडून बाहेर,
उघडाच, बर्फातून, पार कुंपणापर्यंत.

मला वाटलं, मामा चिडेल.
मामानं सुई-दोरा मागितला.
ताडपत्री शिवता शिवता म्हणाला,
"बाहेर राहून आग बघणारा कुणीतरी लागतोच."

तेव्हापासून लाकडं तो रचतो.
दगडांना आमच्यात आजोबा म्हणतात.
लाल झालेला एकेक आजोबा
लांब दाताळ्यावर तोलून तो नेतो,
दारापर्यंत सात पावलं,
श्वास रोखून.

कुठल्याशा गल्लीत त्यानं एकाला असंच उचललं होतं.
एवढंच मला माहीत, तेही झोपेत बोलला म्हणून.
पोचेपर्यंत तो गार पडला होता.

सात पावलांत आजोबा गार होत नाहीत.

परवा शेवटचा दगड देऊन
तो उंबऱ्याशीच गुडघे टेकून राहिला.
पाठीवर वारा, तोंडावर वाफ.
आतून मामा म्हणाला, "दार असू दे उघडं."
वाफ वाया गेली बरीच,
म्हातारा लिरॉय कुरकुरलाही,
पण गाणं थांबलं नाही.
मिताकुये ओयासिन, आतले म्हणाले,
सगळी आपलीच नाती.
डेल्मरचे ओठ हलले की थंडीनं थरथरले,
मला सूप ढवळताना दिसलं नाही नीट.

आज पहाटे कॉफी घेऊन गेले.
गाडी तिथंच, तोंड रस्त्याकडेच.
मी हाक द्यायच्या आत आतून आवाज आला,
"ऐकलं तुझं पाऊल."
मग एक घोट घेऊन,
"साखर विसरलीस."