तटाबाहेरची खोली

रात्री दीडला, अहमदाबादची शेवटची गाडी रिकामी होऊन गेली की
सयाजीगंजच्या या काउंटरवर बसून
मी दुसऱ्याच्या हॉटेलात शिरतो.
सत्तावीस वर्षं खोल्या दिल्या.
घ्यायची कशी, ते आता शिकतोय.

शाल्मलीचा पदवीदान समारंभ जूनमध्ये, क्वेबेकला.
तिच्या खोलीत तिघीजणी आणि एक सायकल.
"बाबा, तुम्ही दोघं हॉटेलच बघा. पण स्वस्तातलं."
स्वस्तातलं. हा शब्द आमच्या घरातून तिकडे गेला
आणि डॉलर होऊन परत आला.

फोटो बघतो. फोटो मला फसवत नाहीत.
कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून काढला
की पलंगाभोवती फेरी मारता येईलसं वाटतं;
आमच्या दोनशे तीनचा मीच तसा काढलाय.
'उबदार' म्हणजे खिडकी नाही.
'जुन्या काळचा डौल' म्हणजे लिफ्ट नाही.
'अगदी मध्यवस्तीत' म्हणजे
रात्री तीनला खाली कोणीतरी गाणार.
फ्रेंचमध्ये हे सगळं फार गोड दिसतं,
भाषांतराचं बटण दाबलं
की आपल्याच धंद्याचा वास येतो.

त्या गावाचा तट म्हणे अजून धड आहे.
तटाच्या आत एकशे नव्वद,
बाहेर एकशे अकरा, नाश्ता नाही, कर वेगळा.
हसू आलं मला.
आमच्या लहेरीपुरा दरवाज्याच्या आत
कोणता पाहुणा मुक्काम मागतो?
मांडवी बघतात, लीलो चेवडो बांधून घेतात
आणि झोपायला माझ्याकडे येतात, बाहेर.
मी जन्मभर तटाबाहेरचाच माणूस.
बाहेरचंच घेऊ.

पण ते उताराच्या तळाशी आहे.
"दहा मिनिटं चालत," पोरगी म्हणते.
दहा मिनिटं मीही सांगतो फोनवर, स्टेशनपासून.
सिंधूचा डावा गुडघा विचारतो: कोणाची दहा?
सिंधू स्वतः एवढंच विचारते, किटली आहे का.
चहा, साखर, आलं सगळं ती नेणार.
आलं नेऊ देतात का, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.
मला ठाऊकही नाही.

एकशे अकरा गुणिले एकसष्ट.
म्हणजे माझ्या साध्या अकरा खोल्या, पंख्यासकट,
एका रात्रीच्या. अशा पाच रात्री.
कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

"उन शांब्र काल्म, सिल वू प्ले."
शाल्मलीने पाठवलेलं वाक्य मोठ्याने म्हणून बघतो.
रखवालदार वाघेला बाकावरून उठून बसतो,
"फणसेकाका, इतक्या रात्री शिव्या कोणाला?"

मग लिहिलं: शांत खोली, मागच्या बाजूची.
पहिला मजला. किटली.
पाच रात्री आहोत, दराचं काही बघा.
शेवटची ओळ खोडली.
तिकडे आत्ता दुपारचे चार,
काउंटरवर कोणीतरी एकटंच असेल,
सकाळपासून हेच ऐकून विटलेलं.
मग पुन्हा लिहिली.
मलाही विचारतातच की.

उत्तर लगेच आलं. दराबद्दल एक अक्षर नाही.
'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.'

ही नोंद मी ओळखतो.
निळी वही, तिसरं फडताळ, वर टॉर्चचे जुने सेल.
एकशे चारचा नळ गळतो, असं मार्चमध्ये
भरूचच्या एका मास्तरांनी सांगितलं होतं,
तेव्हा पेन कानावरून काढून
मी हेच म्हणालो होतो, हसून.

एकशे चार आज रिकामी आहे.
पान्हा सापडायला वेळ लागला,
ड्रॉवरमध्ये किल्ल्यांच्या खाली होता.
लोक झोपलेत, म्हणून चपला हातात घेऊन
जिना चढलो.