समास

नोव्हेंबरात इथे साडेतीनलाच दिवस मिटतो.
कोटाला लटकवलेला परावर्तक गुडघ्यावर आपटत
मी एमायोगीचा पूल ओलांडते.
खिशात पेनड्राइव्ह. त्यात एकच फाइल,
माझ्या संग्रहातली सगळ्यात हट्टी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत,
उजळ पडद्यासमोर तुम्ही पापणी लववायचं विसरता.
पन्नाशीत हेही कुणी सांगावं लागतं.

दुकानात इंद्रेक. बाविशीचा, अंगठ्याला चिकटपट्टी.
त्याने टेबलावर तीन पाट्या मांडल्या:
सहा इंची, आठ इंची, आणि दहाची,
जिच्याकडे मी किंमत दिसेपर्यंतच बघितलं.

"वाचता काय?"
"दलदल."
तो हसला नाही. म्हणाला, आजोळी पीट जाळायचे,
सदऱ्यांना वास यायचा.

मी फाइल दिली.
सदतीस सालची पाहणी, जर्मनमध्ये, स्कॅन तिरका,
दोन रकाने, तळटीपांनाही तळटीपा,
मध्येच एक घडीचा नकाशा, घडीसकट.

सहा इंचीवर मुंग्यांची रांग, तीही धुक्यातली.
मोठं करावं तर वाक्य पडद्याबाहेर जातं,
हाताला धरून परत आणावं
तोवर शेवटचं क्रियापद हरवलेलं.
"मजकूर वाहता करू?" त्याने केला.
खोली, वय, परागकण,
सगळे आकडे एकमेकांच्या अंगावर कोसळले
शाळा सुटल्यासारखे.

आठ इंचीवर म्हणाला, "इथे सोय आहे.
कडेचं पांढरं कापता येतं."
आणि खरंच, अक्षरं पुढे आली,
टपोरी, धुतलेली.
मी पाकीट काढलं होतं.

मग लक्षात आलं, हेल्यू नाही.

हेल्यू, माझी बाई, जिने मला
लांब बूट घालून चालायला शिकवलं,
आणि जिची पेन्सिल या प्रतीच्या कडेकडेने चालते:
"इथे बूट गेला. डावा."
"हा माणूस पावसात आलाच नव्हता."
"भाकरी घरी विसरले."
तक्ता चारपाशी, दोनदा अधोरेखित:
"आकडा चूक. मी मोजलंय."
यंत्राच्या मते तिथे काही नव्हतं.

समास सोडा, हे शाळेत शिकवतात.
कुणासाठी सोडायचा, ते नाही.

"दहाची दाखव," मी म्हटलं.

पूर्ण पान. तिरकं ते तिरकंच.
नकाशातली नदी आणि चिखल एकाच राखेचे झाले,
मनगट दुखेल इतकं वजन,
पण कडेला ती होती, बारीक, रागीट.
पान उलटलं, तरी तिच्या ओळीची सावली
पुढच्या पानावर क्षणभर राहिली.
इंद्रेक ओशाळला. "याला घोस्टिंग म्हणतात.
दर पानाला पूर्ण पुसायचं सेटिंग असतं. करून देऊ?"
"राहू दे."

मग त्याने पेन पुढे केलं. लिहून बघा.
लोक म्हणे स्वतःचं नाव लिहितात,
कालच कुणी मासा काढून गेलं.
मी तक्ता चारवर आले.
एकोणीस वर्षं जे तोंडावर बोलले नाही
ते तिच्या ओळीखाली लिहिलं:
"हेल्यू, मीही मोजलं. तीनदा.
आकडा त्यांचाच बरोबर होता."
टोक पडद्यावर खरखरलं, कागदासारखं,
म्हणजे जवळजवळ.

"नवं खोकं आणतो," इंद्रेक म्हणाला,
"हे दाखवायचं. रात्री यातलं सगळं पुसतो."

"हेच दे."
"कोपऱ्यावर ओरखडा आहे."
"दिसतोय."
त्याने मालकाला फोन केला.
तीस युरो कमी झाले, बाकीचे चार हप्त्यांत.

"कव्हर?"
नको म्हटलं. मग पुलावर गारा लागल्या
आणि टोपी काढून
ती पाटी टोपीत गुंडाळली.