फुकट यादी

लाँड्रोमॅटच्या दाराशी, लोखंडी खोक्यात,
दर गुरुवारी फुकट यादी येते:
बँकेनं ओढून घेतलेली घरं,
एकेक घर अडीच ओळींत.
"तीन खोल्या. छप्पर ठीक. पाणी तोडलेलं. आहे तसं."

टोलीडोत, कपडे वाळेपर्यंत,
वर्लीन पेन्सिलीनं गोल करत बसते.
नर्सिंग होममधली रात्रपाळी, सात वर्षांची शिल्लक,
आणि "आहे तसं" हे शब्द
तिलाही लागू पडतील असे.

शनिवारी ती गेली. गवत गुडघाभर.
दारावर नोटिशीचा चिकटपट्टीसकट उरलेला कोपरा.
आत कुणाचंच काही नाही,
फक्त तळघरात, भट्टीच्या पत्र्यावर, खडूनं:
"पेटली नाही तर डाव्या अंगाला लाथ मार.
हळू. म्हातारी आहे.
ओझेल."

कुणासाठी लिहिलं असेल जाताजाता?
बँक काही जिना उतरून येणार नव्हती.

वर्लीन बराच वेळ उभी.
मग डाव्या अंगाला, हळूच.
गॅसही तोडलेला. काही पेटलं नाही.
पण पत्रा घुमला,
वरच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी तसा.

गाडीत बसल्यावर, किमतीच्या शेजारी
तिनं लिहिलं: ओझेल.
गोल करायचा राहून गेला.