डावी बाजू

डावा स्पीकर दबून बोलतोय
हे दिवाळीच्या आधीच ध्यानात आलं होतं.
फंडाच्या पैशातून घेतलेला ॲम्प्लिफायर, छत्तीस किलोचा.
आणताना रिक्षावाला म्हणाला होता,
काका, पिठाची गिरणी घेतलासा काय?

कंपनीला फोन लावला.
बंगळूरची बाई म्हणाली, बेळगाव पुण्याच्या यादीत दिसतंय.
पुण्याचा पोरगा म्हणाला, सर, कर्नाटक बंगळूरकडं जातं.
म्हटलं, बाबा, माझ्या जन्माच्या आधीपासनं हेच चाललंय,
तुमच्यात तरी लवकर ठरवा.
तो हसला नाही. पिनकोड परत विचारला.

मग मी गल्ल्या हुडकल्या.
खडेबाजारातल्यानं चार कॅपॅसिटर बदलले,
जुने मागितले तर म्हणाला, कचऱ्यात गेले की.
टिळकवाडीतल्यानं व्हॉल्व्ह बदलले,
डबा परदेशी होता, आतल्या काचेचं मला माहीत नाही.
शहापुरातला मेव्हण्याचा भाचा, इंजिनिअर,
त्यानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळली
आणि अभिमानानं दाखवली.
आता डावीकडनं आवाज कमी तो कमीच,
वर दोन्हीकडनं घूंऽऽ सुरू,
पोळं बसल्यासारखं.

चौथ्यानं झाकण काढलं, आत बघितलं,
झाकण लावलं.
आगंगिल्ल री, म्हणाला.
माझ्या हातातलं नाही हे.
पैसे घेतले नाहीत. तेवढ्यासाठी मला तो लक्षात आहे.
बसच्या तिकिटामागं त्यानंच लिहून दिलं:
जिनगोंडा मगदूम, निपाणी, वखारीच्या मागं.

मगदूम धारवाडच्या रेडिओ केंद्रात देखभालीला होते.
भिंतीवर प्रमाणपत्र नव्हतं,
साबणाच्या डब्यांत स्क्रू होते, डब्यावर वर्षं लिहिलेली.
अंगणात तंबाखूचा वास, चष्म्याला दोरी.
पेटी उचलायला मुलगा आला, जावई आला, शेजारी आला.
मगदूमांनी पाना हातात घेतला नाही.
आधी म्हणाले, सांगा, काय ऐकू येतंय?
तीन दुकानांत हे कुणी विचारलं नव्हतं.

घुमणं राहू दे, ते मागनं आलेलं दुखणं, म्हणाले.
दोन्ही स्पीकरांतनं एकच सूर सोडला, सरळ, सपाट.
मला मधे खुर्चीवर बसवलं.
कुठला कमी?
डावा.
मीटरचे दोन्ही काटे एकाच रेघेवर उभे होते,
मला वाटलं मीटर जुना असेल.

मग त्यांनी माझी खुर्ची फिरवली.
मला बसवूनच,
पाठ स्पीकरांकडं, तोंड दाराकडं.
आता?
उजवा, मी म्हटलं.
म्हटलं आणि गप्प झालो.
दारात त्यांची नात पेरू खात उभी होती,
ती माझ्याकडंच बघत होती.

कारखान्यात होतासा काय?
उद्यमबागेत. एकतीस वर्षं.
प्रेस कुठल्या हाताला होता?

मी डावा हात वर केला,
शाळेत हजेरी द्यावी तसा.

बायको वर्षभर सांगत होती,
हाक मारली तर ओ देत नाही तुम्ही.
मी म्हणायचो, गाणं चालू असतंय.

पेटी सतरा दिवस निपाणीत राहिली.
तिघांची हुशारी त्यांनी एकेक करून बाहेर काढली,
कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली:
तार, काच, चार कॅपॅसिटर.
बिल तेराशे चाळीस, त्यात शिशाचे साठ वेगळे लिहिलेले.
डॉक्टरकडं जाऊन या, म्हणाले,
मी मशीनपुरताच.

निघताना बॅलन्सचं बटण
दोन रेघा डावीकडं सरकवलं,
पेन्सिलनं बारीक खूण केली.
ही तुमच्यापुरती, म्हणाले.
पाहुणे आले की मधे आणायचं.